जेना, केंड्रा आणि अ‍ॅस्ट्रा यांना

प्रिय जेना, केंड्रा आणि अ‍ॅस्ट्रा,

मराठीतलं हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही. तरी उघडपणे लिहितेय, कारण माझ्यासारख्या घरांत वाढलेल्यांनी ते वाचावं अशी इच्छा आहे.

सायंटॉलॉजी या अमेरिकेतल्या पंथात वाढलेल्या मुलांसाठी तुम्ही तिघींनी २००८ साली संकेतस्थळ सुरू केलं. बाहेर पडलेल्यांसाठी, आणि अजून आत असलेल्यांसाठीही. त्यावर तुमचं ब्रीद होतं: मी जन्मले, मी वाढले, मी निसटले. मला ते सापडलं तेव्हा मी पुण्यात आईवडिलांकडेच राहत होते.

आमच्याकडे कशाचीच ददात नव्हती. बंगला, गाड्या, दारात ड्रायव्हर. वडिलांच्या कारखान्याच्या नफ्यातला मोठा वाटा गुरूंच्या संस्थेला जाई आणि मी काय शिकायचं, ताईचं लग्न कुठे करायचं, हे तिथून ठरून येई. कुणाजवळ मन मोकळं करायला गेले की ऐकावं लागे, ‘तुला काय कमी आहे गं?’ यावर मला कधी उत्तर सुचलं नाही.

जेना, तुमचे सख्खे काका डेव्हिड मिस्कॅव्हिज संघटनेचे सर्वेसर्वा. तरीही लहानपणीच सी ऑर्गच्या, म्हणजे संघटनेला आयुष्य वाहून घेतलेल्यांच्या गटाच्या, अब्ज वर्षांच्या करारावर सही केल्याचं आणि कॅलिफोर्नियातल्या रँचवर दगड वाहिल्याचं तुम्ही जगाला सांगितलंत. मूल म्हणजे छोट्या देहातला जुनाच ‘थेटन’, म्हणजे आत्मा, मग त्याला मूल म्हणून का वागवायचं, हा त्यामागचा विचार वाचून मी अक्षरशः उठून बसले. आमच्याकडे मला ‘पूर्वजन्मीची साधक’ म्हणत. परीक्षेच्या दिवसांतही पहाटेची सेवा चुकलेली चालत नसे. रडले तर साधना कमी पडतेय म्हणत.

आणि डिसकनेक्शन! संघटनेने विरोधक ठरवलेल्या माणसाशी, मग ते पोटचं पोर का असेना, संबंध तोडायचे. आमच्या आत्याने संस्था सोडली, त्या दिवसापासून घरात तिचं नाव काढायची बंदी झाली. फोटोसुद्धा काढून टाकले. आत्या वाईट आहे असंच मी समजून चालले होते. ते नातं ठरवून तोडलेलं होतं, हे तुमच्यामुळे कळलं. मी तिचा नंबर शोधून फोन केला. ‘अगं, मी तुझी वाटच बघत होते,’ म्हणाली. पुढे घर सोडलं तेव्हा तिच्याकडेच राहिले.

आईबाबांवर माझा जीव आहे. बाबा अजून बोलत नाहीत. आई चोरून फोन करते. त्यांनाही कुणीतरी घाबरवून ठेवलंय, हे आता दिसतं, म्हणून राग धरवत नाही.

गेल्या महिन्यात त्याच संस्थेतल्या एका घरातली मुलगी मला भेटायला आली. तिच्याही घरी सगळं आहे. तिचं सगळं ऐकून घेतलं आणि तुमची तिघींची नावं तिला लिहून दिली.

मनापासून आभार.

तुमची,
पुण्याची एक वाचक