लोखंडी लक्ष्य टांगताना पोलाद तपासा

महोदय,

स्वप्नील कुसाळे याने 1 ऑगस्ट 2024 रोजी 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ऑलिम्पिक कांस्यपदक मिळवल्यावर नेमबाजीकडे वळणारी मुले वाढली, ही आनंदाची गोष्ट आहे. काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. मुंबईच्या आसपास काही खासगी रेंजवर आणि फार्महाउसवर कागदी लक्ष्याऐवजी मिळेल तो लोखंडी पत्रा टांगला जातो. नेम लागला की ‘टण्ण’ आवाज येतो आणि मुले खूश होतात. पण तो पत्रा कसला आहे, हे कोणी विचारत नाही.

दारुखान्यात किंवा कळंबोलीच्या लोखंड बाजारात सहज मिळते ती एमएस प्लेट, म्हणजे साध्या मऊ पोलादाचा पत्रा. तिचा कडकपणा साधारण 120 ते 140 ब्रिनेल (कडकपणा मोजण्याचे एकक) असतो. लक्ष्यासाठी लागते ते घर्षणरोधक पोलाद सुमारे 500 ब्रिनेलचे असते. फरक फक्त टिकाऊपणाचा नाही. सपाट, कडक पत्र्यावर आपटलेली शिशाची गोळी चुरा होऊन पत्र्याच्या अंगालगत, पंख्यासारखी चहूबाजूंना पसरते. मऊ पत्र्यात मात्र खळगा पडतो आणि पुढची गोळी त्यात बसली की त्याच्या कडा तिचे तुकडे वळवून थेट नेमबाजाकडे पाठवतात. पातळ पत्रा .22च्या (0.22 इंची लहान रायफलच्या) सततच्या माऱ्याने वाटीसारखा वाकतो, तोही तितकाच वाईट. म्हणून .22साठी 500 ब्रिनेलचा किमान 6 मिमी आणि मोठ्या रायफलसाठी किमान 10 मिमी जाडीचा पत्रा घ्यावा. अंतर .22ला निदान 10 मीटर आणि मोठ्या रायफलला 100 मीटर ठेवावे. पोलादी गाभ्याची गोळी कोणत्याही लोखंडी लक्ष्यावर चालवू नये.

महागडा पत्रा आणूनही तो फॅब्रिकेटरकडे गेल्यावर बिघडतो. या पोलादाचा कडकपणा पाणी देऊन आलेला असतो. साधारण 250 अंश सेल्सिअसच्या वर तापले की तो उतरतो. गॅस कटिंगने कडा मऊ पडतात आणि मागे कडी वेल्ड केली की समोरच्या बाजूला नेमकी तेवढीच जागा कच्ची राहते. वॉटरजेटने, म्हणजे पाण्याच्या जोरदार झोताने, कापून घ्यावे, भोकेही त्यातच पाडून घ्यावीत. समोर येणारे बोल्टचे डोके गुळगुळीत आणि घुमटाकार हवे. षटकोनी डोक्याला लागलेली गोळी कुठे जाईल, सांगता येत नाही. साखळीऐवजी जाड रबरी पट्ट्यावर टांगावे आणि पत्र्याची वरची कड पुढे झुकवून 15 ते 20 अंशांचा उतार द्यावा, म्हणजे चुरा जमिनीकडे जातो. ती जमीन मातीची किंवा वाळूची हवी. खाली खडी किंवा कोबा असेल, तर उतार देऊन उपयोग नाही.

चुरा बाजूला उडतो, त्यामुळे शेजारच्या लेनमधला आणि मागे उभा राहिलेला पालक हे दोघेही त्याच्या टप्प्यात येतात. पॉलिकार्बोनेटचा चष्मा नेमबाजाइतकाच त्यांनाही सक्तीचा हवा. नंबरचा साधा चष्मा पुरेसा नाही.

एअर रायफलबद्दल वेगळे सांगायला हवे. 2016च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिमी बोअरच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, त्यामुळे ती प्रशिक्षकाशिवायच घरात येते. मऊ शिशाच्या छऱ्याला साधा 5 मिमी एमएस पत्रा पुरतो. पण पोलादी गोल छर्रे पत्र्यावर कधीच मारू नयेत. ते चपटे होत नाहीत, जवळपास आले तसेच परत येतात. शिसेविरहित छर्रेही अधिक उसळतात. इमारतीच्या गच्चीवर तर हा सराव नकोच, चुकलेला छर्रा काही शे मीटर जाऊ शकतो.

ऑलिम्पिकच्या तयारीसाठी लोखंडी लक्ष्य फारसे उपयोगाचे नाही, हेही पालकांनी जाणावे. 10 मीटर एअर रायफलमध्ये दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पत्रा ‘लागली’ एवढेच सांगतो, कुठे लागली ते कागदच दाखवतो. नवशिक्याला आत्मविश्वास यावा म्हणून सत्राच्या शेवटी दहा-पंधरा गोळ्या पत्र्यावर, हे प्रमाण योग्य वाटते.

प्रत्येक रेंजने दाराशी फलक लावावा: पोलादाचा कडकपणा, जाडी, चालणारी गोळी, किमान अंतर. पत्र्याखाली साचलेला चुरा कोरड्या झाडूने झाडू नये, शिशाची धूळ श्वासात जाते. नेमबाजांच्या जागेची फरशी ओल्या फडक्याने पुसावी आणि वडापावला हात लावण्याआधी मुलांनी साबणाने हात धुवावेत. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत बोल्ट लवकर गंजतात, म्हणून पावसाळ्यात ते दर आठवड्याला पाहावेत. सराव सुरू होण्यापूर्वी पत्र्यावर स्टीलची पट्टी आडवी धरावी. पट्टीखालून उजेड दिसला किंवा खळगा आढळला, तर तो पत्रा त्याच दिवशी भंगारात द्यावा, उलटा करून पुन्हा टांगू नये.

– एक रायफल प्रशिक्षक, माहीम, मुंबई