विमानाचा पत्रा वळवणारे हातही छापा

संपादक साहेब, नमस्कार,

घरी विमान बनवणाऱ्यांच्या बातम्या तुम्ही कौतुकाने छापता आणि छापायलाच पाहिजेत, कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत चारकोपच्या गच्चीवर उभं केलेलं सहा सीटर २०१६ ला बीकेसीच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी डोळे भरून पाहिलं. पण अशा बातम्यांत इंजिन येतं, परवानग्या येतात, पत्र्याचं काम कसं होतं ते वाचायलाच मिळत नाही. मी पत्र्याच्याच धंद्यातला, म्हणून जास्त लागतं.

पंखाची एक साधी रिब घ्या, म्हणजे पंखाला आकार देणारी आतली फासळी. पत्रा अॅल्युमिनियमचा, बऱ्याचदा २०२४-टी३ जातीचा, कडक केलेला, जाडी ०.०२५ इंच म्हणजे जेमतेम ०.६ मिमी. तो दोन लाकडी ठोकळ्यांमध्ये कसून आवळायचा आणि बाहेर राहिलेली कडा नायलॉनच्या हातोडीने थोडी थोडी, सगळीकडून सारखी खाली बसवत न्यायची, एकाच जागी ठोकत बसलात तर पत्रा कडक होतो आणि तडकतो. ठोकळ्याच्या कडेला गोलाई पाहिजेच, धारदार कोपऱ्यावर टी३ वाकवला की चीर गेलीच समजा. शिवाय वाकवलेला पत्रा थोडा मागे येतो म्हणून ठोकळा काटकोनापेक्षा दोन-चार डिग्री जास्त तासून ठेवतात. खरी परीक्षा रिबच्या पुढच्या टोकाच्या गोलाईला, तिथे कडेला पत्रा जास्तीचा होतो, चुण्या पडतात आणि अख्खी रिब केळ्यासारखी वाकते, मग रिव्हेटच्या भोकांच्या मधे फ्लूटिंगच्या पकडीने बारीक वळ्या घालत जायचं, टेबलावर सपाट बसेपर्यंत. खूण मार्करनेच करायची, स्क्रायबरची, म्हणजे टोकदार सुईची, रेघ म्हणजे उद्याचा तडा, आणि कडेची बर (कापल्यावर राहिलेली खरखरीत धार) काढून बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत घासायचं.

असे हात मुंबईत नाहीत का हो? कुर्ल्याला सीएसटी रोडवर जाऊन बघा, डेंटर लोक चेपलेला मडगार्ड मागून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून कसा जागेवर आणतात ते. त्यांना अॅल्युमिनियमची शिस्त तेवढी कोणीतरी शिकवायला पाहिजे. आयटीआयला शीट मेटलचा ट्रेड आहे, पण माझ्याकडे कामाला येणारी पोरं एसीचे डक्ट आणि केबलचे ट्रेच करून आलेली असतात. त्यांच्याकडून एक रिब करून घ्या ना, एक ठोकळा आणि हातभर पत्रा लागतो, बाकी काय!

तुमच्या पेपरने हा विषय लावून धरावा, आणि पुढच्या वेळी विमानाची बातमी आली की पत्रा कोणी वळवला ते विचारून त्याचं नावही छापावं ही विनंती.

- एक वाचक, चेंबूर