मानेची गाठ ६ महिने, मणका १२ महिने: एका आशाताईंना आभारपत्र

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

फुप्फुसाबाहेरच्या टीबीत बहुतेक वेळा खोकला नसतो, थुंकीत काही सापडत नाही. त्यामुळे घरच्यांना तो टीबी वाटतच नाही. अशा घरांतले कोर्स तुम्ही शेवटच्या गोळीपर्यंत नेता, त्याबद्दल आम्ही सगळे तुमचे मनापासून आभारी आहोत.

'टीबी म्हणजे ६ महिने' हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. मानेची गाठ, छातीतलं पाणी, पोटाचा टीबी यांना ते लागू पडतं: पहिले २ महिने चार औषधं, पुढचे ४ महिने तीन. मेंदूच्या आवरणाचा टीबी असेल तर मात्र किमान ९ महिने, मणक्याचा किंवा सांध्याचा असेल तर १२, आणि गरज पडली तर १८ सुद्धा. म्हणून 'टीबी कुठला?' हे तुम्ही पहिल्याच भेटीत विचारता आणि कोर्स संपायची तारीख कार्डावर लिहून घेता, ते फार मोलाचं आहे.

विडी वळणाऱ्या बायकांची पाठदुखी 'दिवसभर वाकून बसते ना' म्हणून बामावर निभावली जाते. रात्री झोपेतून उठवणारी, आठवडे उलटले तरी न हटणारी कंबरदुखी आणि सोबत उतरणारं वजन, हे तुम्ही वेगळं ओळखलंत आणि एमआरआयपर्यंत पाठपुरावा केलात. मणक्याचे कोर्स तुटतात ते दुखणं थांबल्यावर. हाड सावकाश भरतं, आत जंतू उरलेत का हे बाहेरून कळत नाही. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी सिव्हिलला न्या, हे तुम्ही घरोघरी सांगितलंत, त्याने पाय वाचतात.

गाठीचं उलटं असतं. औषध नीट चालू असताना गाठ फुगते, कधी नवी येते, आणि घरचे म्हणतात औषध लागू पडेना. पुष्कळदा ती मेलेल्या जंतूंवर उठलेली शरीराची प्रतिक्रिया असते. तुम्ही गोळ्या बंद होऊ देत नाही, पण डॉक्टरांना दाखवायलाही लावता. ते बरोबरच, कारण गाठ वाढतच राहिली तर पुन्हा नमुना घेऊन औषधाला दाद न देणारा टीबी तपासावा लागतो. कोर्स संपल्यावर वाटाण्याएवढी न दुखणारी गाठ उरली, तर केवळ तेवढ्यासाठी औषध लांबवायचं नसतं.

तपासणीसाठी काढलेल्या नमुन्याचीही काळजी घ्यावी लागते. सगळा तुकडा फॉर्मालिनमध्ये (तुकडा टिकवायच्या द्रावात) गेला की जंतू मरतात आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, होत नाही. एक बाटली फॉर्मालिनची, दुसरी सलाइनची, ही आठवण ऑपरेशनआधी नातेवाइकांकरवी पोचवणं तुम्हालाच सुचलं.

आणखी एक. माला-एन ही गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या बायकांना टीबीचं रिफाम्पिसिन हे औषध सुरू होताच गर्भनिरोधाचं दुसरं साधन घ्यायला तुम्ही सांगता. या औषधाने त्या गोळीचा असर कमी होतो, आणि हे सांगायचं बऱ्याच ठिकाणी राहून जातं.

मेंदूच्या टीबीच्या रुग्णांकडे जाल तेव्हा स्टेरॉइडच्या गोळ्या आठवणीने बघा. त्या साधारण ६ ते ८ आठवडे चालतात आणि हळूहळू उतरवतात. बरं वाटलं म्हणून एकदम सोडू देऊ नका.

आपले,
टीबी उपचारातले सहकारी, सोलापूर