संत्या, इंजेक्शनला जरा वेळ दे की

प्रिय संत्या,

काल रात्री फोनवर तू इतका बावरला होतास की मी काय सांगत होतो ते तुझ्या डोक्यात गेलंच नाही, त्यात मागं काकूंच्या मॉनिटरची टीं टीं चालू, म्हणून आत्ता दुकान बंद करून पोवई नाक्यावरनं घरी आलो आणि जेवायच्या आधी हे टाइप करत बसलोय. लांबलं तर ऐकून घे.

पहिलं ते स्टेरॉइडचं. काकूंना दिलेल्या हृदयाच्या इंजेक्शनचं नाव डिगॉक्सिन, ते तुझ्या मेव्हण्यानं मोबाईलवर टाकलं, तिथं 'स्टेरॉइड' दिसलं आणि अख्ख्या घराच्या पोटात गोळा. अरे रेणूचा सांगाडा स्टेरॉइडचा आहे, बास, एवढंच. दम्याला देतात किंवा जिममधली पोरं घेतात त्याचं काम वेगळं, याचं वेगळं. आपल्या बांधावरच्या कण्हेरीत पण याच जातीची द्रव्यं असतात, उगाच नाय म्हातारी माणसं तिच्यापासून शेरडं लांब बांधत.

आता इंजेक्शन देऊन पाऊण तास झाला तरी पल्स १४० वरनं १२८ लाच, म्हणून तू डॉक्टरांवर भडकलास. मर्दा, बी.फार्म.चं प्रॅक्टिकल विसरलास काय? बेडकाचं हृदय, रिंगरच्या खारट द्रावणाची बाटली, आणि ठोक्यांची रेघ उमटणारा, काजळी धरलेला तो ड्रम ज्याच्यावर बोट फिरवून तू अख्ख्या बॅचचा ग्राफ पुसला होतास. ॲड्रिनलिन टाकलं की काही सेकंदात रेघ उडायची, कॅल्शियमचं पण तसंच. आणि डिजिटॅलिस, म्हणजे डिगॉक्सिनच्याच घराण्यातलं औषध, टाकलं की आपण घड्याळाकडं बघत बसायचो, रेघ आपली सावकाश चढायची.

का, तर हे औषध पेशीच्या बाहेरच्या बाजूनं सोडियम-पोटॅशियमच्या पंपाला चिकटतं. काही पंप बंद पडले की प्रत्येक ठोक्याला आत आलेलं सोडियम पूर्ण बाहेर जात नाही, ते साठलं की त्याच्या बदल्यात बाहेर जाणारं कॅल्शियम कमी जातं, मग ते कॅल्शियम आतल्या कोठारात भरत राहतं आणि पुढच्या ठोक्याला जास्त सुटतं, तेव्हा कुठं स्नायू जोरात आवळतो. २०१९ ला कृष्णेचं पाणी तुमच्याकडं पायरी पायरीनं चढलेलं बघितलंयस ना, तसंच हे. धरण फुटल्यागत नाय होत.

शिवाय रक्तात गेलं म्हणजे हृदयात गेलं असं नाही. शिरेतनं दिलं की रक्तातला आकडा आधी उंच दिसतो आणि हृदयावरचा परिणाम मागनं येतो, म्हणूनच औषधाची रक्तातली पातळी बघायचं रक्त शेवटच्या डोसनंतर निदान ६ तासांनी काढतात. शिरेतनं साधारण ५ ते ३० मिनिटांत सुरुवात, पण पूर्ण जोर यायला १ ते ४ तास. गोळीला सुरुवातच अर्धा ते २ तास. याचाच भाऊ औबेन, तो ५-१० मिनिटांत लागतो, आणि डिजिटॉक्सिन म्हणजे एकदम सुस्त, एकदा अंगात गेलं की निम्मं उतरायला आठवडाभर. डिगॉक्सिन मधलं, निम्मं व्हायला दीड-दोन दिवस, ते पण किडन्या धड असतील तर.

आणखी एक, तू पल्सच बघत बसलास. पल्स उतरते ती व्हेगस नसेमार्फत, वरनं खाली येणारे सिग्नल ए.व्ही. नोडपाशी, म्हणजे हृदयाच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या नाक्यावर, अडतात म्हणून. स्नायूचा जोर वाढतो ती गोष्ट निराळी, ती मॉनिटरवरच्या आकड्यात दिसत नाही.

खरं सांगू, तुझ्या एका वाक्यानं मला घाम फुटला, "घरची डिगॉक्सिनची गोळी पण देऊ का वरनं?" अजिबात नाही! पहिला डोस अजून चढतोय आणि तू दुसरा घालणार, मग दोन्ही एकदम चढले की ठोके वाकडेतिकडे पडायला लागतात. त्यात काकूंना लॅसिक्स, म्हणजे लघवी वाढवायचं औषध चालू, म्हणजे लघवीवाटे पोटॅशियम जातंय, आणि पोटॅशियम कमी झालं की हेच औषध पंपाला आणखी घट्ट धरतं. उगाच नाय आपल्याकडं बरेच डॉक्टर ही गोळी आठवड्यात ५ दिवस देऊन शनिवार-रविवार सुट्टी लावतात. मळमळ, जेवण नको वाटणं, सगळं पिवळट दिसणं, यातलं काही काकू बोलल्या तर लगेच सिस्टरला सांग, 'ॲसिडिटी असंल' म्हणून सोडू नको.

सकाळी पोटॅशियम आणि क्रिएटिनिनचा (किडन्यांचा) रिपोर्ट आला की फोटो टाक. रविवारी एसटीनं येतोय, कंदी पेढे आणतो, पण काकूंना दाखवू नको हां.

तुझा,
बाळ्या

ता.क. त्या डॉक्टरांना सॉरी म्हण आधी.