पायपेटीचा पाय

फोंडा, गुरुवार रात्र

प्रिय विनू,

चार महिने उत्तर नाही, घाल शिव्या. तब्येत ठीक, साखर आटोक्यात.

मंगळवारी मास्तरांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. भिंगाची पिशवी फाटली.

मोतीबिंदू पिकून तपकिरी झालेला. "चवथीपूर्वी कर, आरत्यांना पेटी मलाच वाजवायचीय," म्हणून मागे लागलेले. आदल्या दिवशी त्यांना रिडली या इंग्रज डोळ्याच्या डॉक्टरची गोष्ट सांगितली, बांबोळीच्या हॉस्टेलवर तुला पकवायचो तीच: युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लास्टिकचे कपचे गेले तरी डोळ्यांनी ते निमूट सोसले, म्हणून त्याने १९४९ साली लंडनमध्ये तसल्याच प्लास्टिकचं भिंग बसवलं. मास्तर म्हणाले, "म्हणजे मला विमानाची काच?" म्हटलं, आता मऊ असतं, घडी घालून आत सोडतात. "लुंगीसारखी सुटायची नाही ना घडी?"

तू म्हणायचास, हा डॉक्टर झाला तो मास्तरांच्या पायपेटीवर. खरंच आहे. डावा पाय मायक्रोस्कोपच्या पेडलवर, उजवा फेकोच्या, म्हणजे मोतीबिंदू फोडून ओढून घेणाऱ्या यंत्राच्या. उजव्याला तीन पायऱ्या: आधी पाणी, मग ओढ, मग अल्ट्रासाउंड. आणि पिशवीचा मागचा पडदा किती जाड? जेमतेम ४ मायक्रॉन. शेवटचा तुकडा सुटताना पाय वर यायला हवा होता, तो किंचित मागे राहिला. बाहुली क्षणभर मोठी झाली, डोळ्याचा पुढचा कप्पा खोल गेला, पोटात गोळा आला. नळी तशीच ओढली नाही, एवढं भान राहिलं. आधी जेल भरलं, मागून पुढे आलेलं विट्रियस, डोळ्यातला जेलीसारखा गर, कापून साफ केलं, तीन तुकड्यांचं भिंग पिशवीच्या पुढे टेकवलं. वीस मिनिटांचं काम तासाभरावर गेलं. सिस्टर गप्प.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढताना म्हटलं, "मास्तर, जरा वेळ लागला." जरा! माझ्याच तोंडून.

ते हसले. भुलीचं इंजेक्शन दिलं नव्हतं, नुसते थेंब. तासभर कापडाखाली जागे होते. ओढ वाढली की यंत्राचा सूर चढतो, ठाऊक आहे ना? "छान चढत होता तुझा सूर. मध्येच तुटला. मग तूही बोलेनासा झालास." आणि हळूच, "पांय चुकलो न्हय रे?"

मग सगळं सांगितलं. पिशवीचा पडदा फाटला, सूज येऊ शकते, नजर स्थिरावायला वेळ लागेल, डोळ्याच्या मागच्या भागावरही लक्ष ठेवावं लागेल. ऐकून घेतलं, चहा मागितला.

कवळ्याच्या जत्रेत नाटकाला पेटी तुला दिली म्हणून वर्षभर तुझ्याशी बोललो नव्हतो. तुझा पाय माझ्यापेक्षा शांत होता, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं असणार. (तरी त्या रात्री तू दोनदा चुकलास, हे लक्षात आहे.)

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिनूला नोकरी लागली म्हणे, मस्त! चवथीला येतोयस ना? ये.

डाव्या डोळ्यासाठी मी माझ्या ज्युनियरचं नाव सुचवलं. तिचा हात माझ्याहून चांगला आहे. मास्तर ऐकत नाहीत, रोज फोन करून माझ्याकडेच तारीख मागतात. अजून दिलेली नाही.

तुझा,
बाळू