बदामीच्या संग्रहालयातल्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. अगस्त्य तळ्याच्या उत्तरेला, किल्ल्याच्या पायथ्याशी ते छोटं संग्रहालय, दारात नंदी, आणि आत लज्जागौरी देवीच्या मूर्तीजवळ तुमची ड्युटी. एवढ्या खुणेवर हे पत्र लिहितेय. तुम्हाला मराठी वाचता येत नसेलही, पण आमच्या सोलापूरकडची माणसं तिकडे सारखी येत असतात. कुणी तरी वाचून दाखवेल.

पांढरी टोपी घातलेले, मान तिरकी करून बघणारे म्हातारे आठवतात? ते माझे बाबा. बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली त्यांनी. कितीतरी पोरांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं. आता दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग आलाय. कडेकडेचं दिसतं, समोरचं नेमकं पुसलं जातं. माणूस दिसतो, चेहरा नाही. म्हणून ते समोरच्या वस्तूकडे न बघता तिच्या शेजारी बघतात, आणि बघणाऱ्याला वाटतं म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे तुमच्याआधी भेटलेली माणसं. गेल्या वर्षी एका मोठ्या शहरातल्या मोठ्या संग्रहालयात गेलो होतो. एसी, चकचकीत फरशी, तिकीटही तसंच. बाबा एका मूर्तीसमोर मान वाकडी करून वाकले तर लांबून शिट्टी वाजली. शिट्टी, काका! पोरं कैऱ्या पाडताना वाजवतात तशी. मी जाऊन डोळ्यांचं सांगितलं, तर उत्तर आलं, ‘‘दिसत नाही तर आणता कशाला?’’ बाबा काही बोलले नाहीत. बाहेर येऊन त्यांनी चहा मागितला आणि तो तसाच गार होऊ दिला. त्यानंतर वर्षभर त्यांनी कुठे जायचं नाव काढलं नाही.

बदामीचा हट्ट मात्र त्यांचाच. एकदा बघायचंय, म्हणजे जेवढं दिसेल तेवढं, असं म्हणाले. तरुणपणी सहलीची पोरं घेऊन येऊन गेले होते. येताना गाडीभर त्यांचा बदामीचा चालुक्य राजा पुलकेशी चालला होता. ऐहोळेच्या मेगुती देवळावर रविकीर्तीचा ६३४ सालचा लेख आहे, त्यात तीन महाराष्ट्रकांची नव्याण्णव हजार गावं पुलकेशीच्या ताब्यात आल्याचं म्हटलंय. ‘‘म्हणजे आपण पाहुणे नाही, जुनी रयत आहोत,’’ हे बाबांनी ड्रायव्हरलाही ऐकवलं. तिसऱ्या लेण्यापर्यंतच्या पायऱ्या त्यांनी माझा खांदा धरून चढल्या. पुलकेशीच्या काकाचा, मंगलेशाचा शके ५००चा लेख तिथं आहे म्हणून, नाहीतर पहिल्या लेण्यातूनच परत फिरलो असतो. लाल दगडावर ऊन इतकं होतं की मलाच धड काही दिसत नव्हतं. त्यात माकडांनी केळ्यांची पिशवी पळवली.

तुमच्याकडे पोचेस्तोवर मी पार दमले होते. म्हणून दारातच बाबांना म्हटलं, तुम्ही इथं सावलीला बसा, मी पटकन बघून येते आणि सगळं सांगते. त्या शिट्टीवाल्याला मी वर्षभर शिव्या घातल्या, पण त्या क्षणी मी वेगळं काय केलं? फक्त शिट्टी नव्हती माझ्याकडे.

तुम्ही ते ऐकलंत बहुतेक. ‘‘बर्री अज्जा, ऒळगं बर्री,’’ म्हणत त्यांना आत घेतलंत. स्वतःची प्लास्टिकची खुर्ची उचलून आणलीत आणि ती मूर्तीच्या समोर न ठेवता जरा डाव्या अंगाला, तिरकी ठेवलीत. मला कळेना असं का. तुमच्या अव्वालाही, म्हणजे आईलाही, शेवटी असंच मधलं दिसत नव्हतं, हे तुम्ही मागून सांगितलंत.

बाबांनी हात पुढे केला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आता ओरडा बसणार. तुम्ही एवढंच म्हणालात, की हात लावता येत नाही अज्जा, रोज शंभर हात लागले तर आई झिजेल. आणि मग तुम्ही बाबांचा पुढे आलेला हात मागे न सारता तसाच धरलात, उलटा केलात आणि तळहातावर बोटानं काढायला लागलात.

आधी मधोमध एक लहान गोल. मग एकेक पाकळी. ‘‘तावरे. तलि इल्ला, तावरे.’’ डोकं नाही, कमळ. त्याखाली खांदे, कोपरात वळून वर गेलेले हात, पोटाचा गोलवा, आणि मग मनगटाकडे दोन्ही बाजूंना फाकलेले, दुमडलेले पाय. प्रत्येक रेघेला तुम्ही थांबत होता. बाबा मूर्तीच्या शेजारच्या भिंतीकडे बघत ‘हूं, हूं’ करत होते. एका ठिकाणी त्यांनी तुमचं बोट अडवलं आणि विचारलं, गुडघा इतका वर? तुम्ही उठून जाऊन परत नीट बघून आलात आणि रेघ जरा खाली घेतलीत. दोन कारागीर मापं ताडून बघतात तसं चाललं होतं तुमचं. मी मागे उभी राहून पर्समध्ये रुमाल शोधत होते.

तेर गावी सापडलेली मुठीत मावणारी लज्जागौरी बाबांनी पूर्वी पाहिली होती. त्यामुळे हिचं मोठेपण त्यांना हातावरच कळलं. नागनाथकोळ्ळहून ती इथं आली, गावच्या बायका अजून तिला हात जोडून जातात, हेही तुम्हीच सांगितलंत. पुढे दोन्ही बाजूंनी कोरलेलं ते मकरतोरण, म्हणजे मगरीसारख्या प्राण्यांची कमान, तुम्ही त्यांना त्यांच्याच दंडावर दाखवलंत. खांद्याशी एक मकर, मनगटाशी दुसरा. बाबा चक्क हसले.

निघताना मी पैसे पुढे केले ते तुम्ही घेतले नाहीत, वर बाबांना तळ्याकाठच्या कड्यावरचा कप्पे अरभट्ट नावाच्या जुन्या वीराचा लेख म्हणून दाखवलात. ‘साधुगे साधु, माधुर्यंगे माधुर्यं.’ सज्जनाशी सज्जन, गोडाशी गोड. सुमारे १३०० वर्षांपूर्वीची ती कानडी त्रिपदी तुम्हाला शाळेपासून पाठ. तिची पुढची ओळ बाधा देणाऱ्या कलीला तो उलटा पडतो अशी आहे, हे बाबांनी मला गाडीत समजावलं. मला लगेच तो शिट्टीवाला आठवला. पण खरं सांगू का, अशा माणसाला कुणी उलटं पडायची गरज नसावी. त्याला बहुतेक शिट्टी वाजवायचंच शिकवलं गेलंय. तुम्हाला खुर्ची तिरकी ठेवायला कुणी शिकवलं होतं? अव्वानं. ते कुठल्या ट्रेनिंगमध्ये असतं मला माहीत नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी बाबांनी कपाटातून ड्रॉइंग पेपर काढायला लावला. चार वर्षांत पहिल्यांदा. परीक्षेला स्मरणचित्राचा पेपर असतो, पोरांना ते त्यात सगळ्यात जास्त रागवायचे. आता स्वतः बसले. डाव्या तळहातावर उजवं बोट फिरवायचं, मग जाड स्केचपेननं कागदावर एक रेघ, परत तळहात. दोन तास लागले. रेघा एकमेकींना कुठे कुठे चुकल्यात, डावा पाय कागदाबाहेर गेलाय. त्याची झेरॉक्स सोबत पाठवतेय, मूळ कागद द्यायला ते तयार नाहीत.

एक काम मात्र करा. कमळाच्या पाकळ्या नीट मोजून कळवा. तुम्ही हातावर आठ काढल्यात असं मी म्हणते, बाबा म्हणतात नऊ, आणि गेले आठ दिवस घरात दुसरा विषय नाही.

तुमची,
सोलापूरच्या अज्जांची मुलगी