जॉन मुळात इंग्रजी नाहीच

संपादक महोदय,

'जॉन' म्हटलं की अगदी सर्वसाधारण इंग्रजी नाव, असं आपण धरून चालतो. पण ते मूळचं हिब्रू. 'योहानान', म्हणजे 'देव कृपाळू आहे'. ग्रीकमध्ये त्याचं 'इओआनेस' झालं आणि लॅटिनमार्गे ते युरोपभर पसरलं. मग ज्याच्या त्याच्या जिभेवर त्याने रूप बदललं: रशियात इव्हान, स्पेनमध्ये हुआन, इटलीत जोव्हान्नी, आयर्लंडमध्ये शॉन. कुराणातला याह्या म्हणजे बायबलमधला बाप्तिस्मा करणारा योहानच. 'इव्हान' आणि 'जॉन' एकच, हे कळल्यावर मी तरी चकित झालो होतो!

इंग्लंडच्या राजांत मात्र जॉन एकच. १२१५ साली सरदारांपुढे नमून मॅग्ना कार्टा या हक्कांच्या सनदेवर शिक्का उठवणारा. त्याच्यानंतर एकाही राजाने हे नाव घेतलं नाही. पोपांनी उलट ते इतकं वापरलं की मोजणीच चुकली. १९५८ साली निवडून आलेले पोप तेविसावे जॉन म्हणून ओळखले जातात, पण विसावा जॉन कधी झालाच नाही.

अमेरिकेच्या सरकारी नोंदींत १८८० ते १९२३ अशी सलग ४४ वर्षं मुलांच्या नावांत जॉन पहिला होता. १९२४ मध्ये रॉबर्टने त्याला मागे टाकलं. आता तिथे पहिल्या दहांतही तो दिसत नाही. याचं कारण नावाच्या अर्थामध्ये दडलेलं असेल असं मला वाटत नाही. सगळ्यांचंच नाव जॉन असेल, तर हाक मारल्यावर वळायचं कुणी?

– एक वाचक